छोट्या खोलीतील गिटार आणि मैदानाचे स्पीकर

१५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार श्रोत्यांसमोर बीटल्स उभे राहिले, तेव्हा त्यांच्या गिटारांसाठी प्रत्येकी १०० वॅटचे अ‍ॅम्प होते. गाण्याचा आवाज मैदानात घोषणा करण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेतून सोडला होता. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्या चौघांना स्वतःचेच वादन धड ऐकू येत नव्हते.

आज पुण्यातील एखाद्या कॅफेत चाळीस खुर्च्या मांडून एक मुलगा अ‍ॅकॉस्टिक गिटार घेऊन बसतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या खोक्यांवर प्रत्येकी हजार वॅट छापलेले असते. शे स्टेडियमचे श्रोते हजाराने भागले तरी या खोलीपेक्षा पंधरा अधिक उरतात. वॅट मात्र त्या रात्रीच्या एका अ‍ॅम्पच्या वीसपट झाले आहेत.

मित्रहो, आजचा धागा या विसंगतीविषयी आहे. छोट्या जागेसाठी ध्वनिसामग्री निवडताना आपण मोठ्या मंचाची नक्कल करतो. त्यात पैसा जातोच, पण त्याहून मोलाची एक गोष्ट जाते : जवळ बसून ऐकण्याची शक्यता. माइक, पिकअप, स्पीकर यांपैकी प्रत्येक वस्तू कोणत्या तरी विशिष्ट जागेच्या अडचणीतून जन्माला आली. ती अडचण आपल्या खोलीत आहे काय, एवढे विचारले तरी निम्मी खरेदी टळते, असे माझे मत आहे.

वॅटचा हिशेब आधी उरकून घेऊ. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो, अखंड शक्तीचा नव्हे. दुकानदार तो आकडा आधी सांगतो, कारण त्यालाच तेवढा सांगता येतो. स्पीकर किती संवेदनशील आहे आणि आवाज किती कोनात फेकतो, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा.

आता इतिहासाकडे. विजेच्या आधीही गिटारवादकांना ऐकू जाण्याची चिंता होतीच, आणि त्यांनी ती लाकडातून सोडवली. स्पेनमधील अल्मेरियाचे कारागीर अँतोनियो दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात गिटारचा देह मोठा केला आणि वरच्या पातळ फळीखाली पंख्यासारख्या पट्ट्या बसवून तिला हलते ठेवले. आवाज वरच्या फळीतूनच येतो हे पटवण्यासाठी त्यांनी १८६२ मध्ये एक गिटार घडवली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

पुढे अमेरिकेत मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्या कंपनीसाठी मोठ्या देहाची गिटार बनवली आणि तिला ब्रिटिश युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ हे नाव पडले. आज दुकानात ‘नेहमीची’ म्हणून जी गिटार हातात देतात, ती बहुधा हीच युद्धनौका. १९२७ च्या सुमारास जॉन डोपेरा यांनी धातूच्या देहात अ‍ॅल्युमिनियमचे तीन शंकू बसवले, कारण नृत्यवृंदातल्या तुताऱ्यांपुढे लाकडी गिटार बुडून जात होती.

या साऱ्या खटाटोपाचा अर्थ असा की, तुमच्या हातातील गिटार हेच मुळात एक ध्वनिवर्धक यंत्र आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी ते मोठ्याने बोलावे म्हणून घडवले आहे. आंद्रेस सेगोव्हिया आयुष्यभर विद्युत्‌ध्वनिवर्धनाच्या विरोधात राहिले आणि मोठमोठ्या सभागृहांत केवळ बोटांच्या बळावर वाजवत राहिले. मग वीस-पंचवीस माणसांच्या शांत दिवाणखान्यात आपल्याला माइक कशाला हवा?

म्हणून पहिला निर्णय यंत्र कोणते, हा नव्हेच. यंत्र हवे काय, हा आहे. मित्राला शेवटच्या खुर्चीवर बसवा आणि तुमच्या कार्यक्रमातली सर्वांत हळुवार रचना वाजवा. मोठी नको, हळुवारच. ती त्याच्यापर्यंत पोचली तर गाडीतले सामान गाडीतच राहू द्या. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंती त्यातला बराचसा परत देतात. खोलीची ही मदत फुकटची आहे.

आपल्याला हे नवे वाटू नये. बालगंधर्वांच्या भराच्या काळात नाट्यगृहात माइक नव्हता. नटाने पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, हा त्या रंगभूमीचा गृहीत धरलेला करार होता. खासगी बैठकीत तर गवई आणि श्रोते यांच्यामध्ये हातभर अंतर. तिथे तंबोऱ्याची जव्हारी ऐकू यावी म्हणून श्रोते स्वतः गप्प बसत. ही शांतता हाही ध्वनिव्यवस्थेचाच भाग होता.

तथापि सेगोव्हियांचा सोवळेपणा मला पूर्णतः मान्य नाही. त्यांचे सभागृह स्तब्ध असे. आपल्या कॅफेत डोक्यावर पंखा फिरतो, मागे कॉफीचे यंत्र फुसफुसते, बाहेर रिक्षा उभी असते. अशा जागी साहाय्य घ्यावे लागते आणि ते घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच की, कोणते आणि किती.

विद्युत्‌ध्वनिवर्धन जन्माला आले ते गिटारसाठी नव्हे, वक्त्यासाठी. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘मॅग्नाव्हॉक्स’ हा विद्युत कर्णा सिद्ध केला. १९ सप्टेंबर १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये काचेच्या कक्षात उभे राहून त्यातून भाषण केले, सुमारे ५० हजार लोकांपुढे. एका कंठाला मैदान जिंकून देणे हे या यंत्राचे मूळ काम. आपल्या निवडणूक सभेतला आणि मांडवातला कर्णा त्याच वंशाचा.

या यंत्राबरोबर त्याचा शापही आला. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो, आणि शेवटी शिट्टी किंवा घुमारा सुरू होतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांनी या घटनेची मीमांसा केली, म्हणून युरोपात तिला आजही ‘लार्सेन परिणाम’ म्हणतात. आपण ‘फीडबॅक’ म्हणतो, किंवा सरळ ‘माइक ओरडला’ म्हणतो.

अ‍ॅकॉस्टिक गिटारला हा शाप दुप्पट लागतो. तिची पोकळ पेटी १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते, आणि खोलीतला मोठा आवाज त्या पेटीला पुन्हा हलवतो. १९३१-३२ मध्ये रिकनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’ने यावर जो उपाय काढला तो जहाल होता : पेटीच काढून टाकली. लोहचुंबक आणि वेटोळे थेट तारांच्या कंपनांवर विसंबले. तिथून विद्युत गिटारची वाट वेगळी झाली. पेटी सांभाळून आवाज वाढवण्याचा प्रश्न मात्र मागेच उरला.

त्याचे उत्तर एका हेलिकॉप्टर बनवणाऱ्या माणसाकडून यावे, हा इतिहासाचा मिश्कीलपणा. चार्ल्स कामन हे विमान-अभियंते आणि हौशी गिटारवादक. १९६६ मध्ये त्यांनी ‘ओव्हेशन’ या गोलाकार पाठीच्या गिटारी आणल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांत तारांच्या टेकूखाली, म्हणजे सॅडलखाली, दाबाला प्रतिसाद देणारे स्फटिकी पिकअप आले. तत्त्व जुनेच होते. दाबल्यावर काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्येच दाखवले होते. यालाच आपण पिएझो म्हणतो. बाजारात ‘सेमी-अ‍ॅकॉस्टिक’ या चुकीच्या नावाने जी गिटार विकली जाते, तिच्यात बहुधा हेच असते.

पिएझोचा जन्म गोंगाटाच्या मंचासाठी झाला, हे ध्यानात ठेवा. ते हवेतला आवाज फारसा घेत नाही, म्हणून लवकर ओरडत नाही. पण लाकडाचा श्वासही घेत नाही. जोरात छेडले की ते बदकासारखे फटकन बोलते. ज्या कॅफेत लोक बोलत-खात बसणार आहेत, तिथे हीच निवड योग्य. जिथे लोक ऐकायलाच आले आहेत, तिथे ती दुय्यम.

याच ठिकाणी आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी गफलत घडते. पिएझोला पुढे फार मोठा अवरोध लागतो, किमान १० लाख ओहम. ज्या गिटारीत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प नाही, तिची केबल थेट साध्या मिक्सरच्या लाइनमध्ये खोचली, तर तिथला अवरोध त्याच्या मानाने फारच कमी असतो. खर्ज गळून पडतो, तारा पत्र्यासारख्या वाजतात. मग यंत्रचालक खर्जाचे बटण चढवतो, त्याबरोबर पेटी घुमू लागते, मग तो मधला पट्टा उतरवतो, आणि अर्ध्या तासाने सर्वजण गिटारला दोष देतात.

मागच्या वर्षी एका छोट्या सभागृहात मी हा क्रम आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला. पस्तीस श्रोते, चार स्पीकर. बोटांनी वाजवायच्या इतक्या नाजूक रचना की वादकाचा श्वासही ऐकू यायला हवा होता. त्याऐवजी घासायला टाकलेल्या भांड्यांचा आवाज येत होता, तोही छातीवर आदळेल इतका मोठा. मध्यंतरात पुढच्या दोन रांगा मागे सरकल्या. आयोजक मात्र स्पीकरांची संख्या अभिमानाने सांगत होते.

त्या संध्याकाळी लागत होती ती एक छोटी डबी : डीआय बॉक्स. गिटारचा नाजूक संकेत ती योग्य अवरोधाने स्वीकारते आणि माइकच्या केबलवरून लांब नेण्याजोगा करते. पिएझोसाठी वीज लागणारी, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह’ डबी घ्यावी. गिटारीत प्रीअ‍ॅम्प असेल तर साधी ‘पॅसिव्ह’ही चालते. प्रीअ‍ॅम्पमधला ९ व्होल्टचा सेल कार्यक्रमाच्या दिवशी नवा घाला. केबल गिटारीत खोचून ठेवली की तो सेल उतरत राहतो, हे अनेकांच्या गावीही नसते.

डबीवर आणखी एक छोटी कळ असते, ‘ग्राउंड लिफ्ट’. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून जोडणीत अर्थिंगचे वेटोळे तयार झाले की त्याच सुरात गुणगुण ऐकू येते. ही कळ ते वेटोळे सुरक्षितपणे तोडते. काही ठिकाणी मात्र गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. हे कधीही करू देऊ नका. ओलसर हात, धातूच्या तारा आणि ओठांना लागलेला माइक यांच्यामध्ये ती पिनच काय ती उभी असते. यावर मला मतभेद ऐकायचे नाहीत.

आता माइक. शुअर कंपनीने १९३९ मध्ये ‘युनिडाइन’ आणला. त्याची थोरवी अशी की, एकाच घटकाच्या डायनॅमिक माइकला समोरचे ऐकणे आणि मागचे टाळणे जमू लागले. १९६५ चा एसएम ५७ आणि १९६६ चा एसएम ५८ हे त्याचेच वंशज. साठ वर्षे होत आली तरी जगभरच्या छोट्या मंचांवर तेच दिसतात. हे माइक दणकट आहेत, बाहेरून वीज मागत नाहीत आणि दूरचा गोंगाट फारसा उचलत नाहीत.

दुसरा पर्याय कंडेन्सर माइकचा. तो गिटारचा सूक्ष्म तपशील फार सुंदर टिपतो, पण त्याला ४८ व्होल्टची वीज लागते. या आकड्याची कथा मला विलक्षण आवडते. १९६६ मध्ये न्यूमन कंपनी नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरचे माइक तयार करत होती. उत्तरेकडील दीर्घ अंधारामुळे तिथल्या इमारतीत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती. तीच माइकला जोडली गेली आणि पुढे तोच आकडा रूढ झाला. आपल्या मिक्सरवरचे ‘४८ व्ही’ हे बटण म्हणजे नॉर्वेच्या हिवाळ्याची खूण आहे.

पण स्टुडिओच्या शांततेत वाढलेला हा माइक कॅफेत आणला की तो कॉफीचे यंत्रही तितक्याच प्रेमाने टिपतो. म्हणून शांत खोली असेल तर कंडेन्सर, मध्यम असेल तर डायनॅमिक, गोंगाट असेल तर पिकअप. माझी निवड विचाराल तर वाचनालयाच्या किंवा वाड्याच्या खोलीत, चाळीसेक माणसांसाठी, एकच डायनॅमिक माइक. तो मोठ्या छिद्रासमोर धरू नका. तिथून पेटीचा घुमारा बाहेर पडतो. मान जिथे पेटीला मिळते, साधारण बाराव्या-चौदाव्या पडद्याच्या समोर, वीतभर अंतरावर तो ठेवा आणि किंचित आत वळवा. मग वादकाने मात्र जागेवर बसले पाहिजे. डोलण्याची सवय असेल त्याने पिकअप घ्यावे.

स्पीकरचा इतिहास एका चर्चमधून जातो. लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल इतके घुमणारे की प्रवचनाचा शब्द शब्दात मिसळे. पन्नासच्या दशकाच्या आरंभी तिथे छोटे स्पीकर एकावर एक रचून उंच स्तंभ बसवण्यात आले. असा स्तंभ आवाज आडवा पसरवतो आणि छताकडे फारसा जाऊ देत नाही, म्हणून घुमारा कमी उठतो. २००३ मध्ये बोस कंपनीने ‘एल१’ हा सुटसुटीत स्तंभ आणला तो एकट्यादुकट्या वादकासाठी. कल्पना अशी की स्तंभ वादकाच्या मागे उभा करायचा, म्हणजे श्रोते जे ऐकतात तेच वादकही ऐकतो. आता अनेक कंपन्या असे स्तंभ बनवतात.

आपल्या खोल्यांना ही जात मानवते. फरशी, काच, उघड्या भिंती, वर काँक्रीट : आपले बहुतेक कॅफे ही छोटी कॅथीड्रलेच आहेत. मात्र स्तंभ मागे ठेवून समोर उघडा माइक लावला तर लार्सेन महाशय हजर झालेच. तेव्हा पिकअप असेल तर स्तंभ मागे, माइक असेल तर तो एका बाजूला आणि माइकच्या थोडा पुढे. स्तंभ परवडत नसेल तर अ‍ॅकॉस्टिक गिटारसाठीच बनवलेला, दोन जोडण्यांचा, आठ इंची स्पीकरचा एक अ‍ॅम्प पन्नास माणसांना पुरतो. एका जोडणीत गिटार, दुसरीत गाण्याचा माइक. तो खुर्चीवर ठेवून श्रोत्यांच्या कानांच्या उंचीवर आणा. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प पुढच्या रांगेच्या पोटऱ्यांना गाणे ऐकवतो.

दोन स्पीकर हवेतच, हा आग्रह सोडावा. छोट्या खोलीत डावीकडच्याला डावा आणि उजवीकडच्याला उजवाच ऐकू येतो, आणि जागाही अडते. वादकाच्या पायाशी ठेवायचा मॉनिटर ही तर मोठ्या मंचाची गरज. शे स्टेडियममध्ये तो नव्हता म्हणून बीटल्स चाचपडले. पण वीस फुटांच्या खोलीत तो म्हणजे ओरडणारे आणखी एक तोंड.

कोणी म्हणेल, ‘अनप्लग्ड’ची परंपरा तर याहून शुद्ध होती. एमटीव्हीची ती मालिका १९८९ मध्ये सुरू झाली आणि बिनविजेच्या सच्चेपणाचे प्रतीक ठरली. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये निर्वाणाचा जो कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, त्यात कर्ट कोबेन यांच्या मार्टिन गिटारला पिकअप होते, आणि तिचा आवाज मॉनिटरच्या बनावट खोक्याआड लपवलेल्या फेंडर अ‍ॅम्पमधून येत होता. ती गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. मला यात दांभिकता दिसत नाही. कोबेन यांना आपला आवाज कशातून येतो हे ठाऊक होते आणि त्यांनी तो हट्टाने राखला. त्यासाठी खोके लपवावे लागले, एवढेच.

खरेदी करायचीच असेल तर माझ्या मते क्रम असा असावा : आधी चांगली केबल आणि तिची एक जादा जोडी, मग डीआय बॉक्स, मग माइक आणि भक्कम स्टँड, आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प. अ‍ॅम्प भाड्याने मिळतो. बहुतेक जण उलट्या क्रमाने खर्च करतात आणि केबलपाशी पैसे संपतात. मध्ये कुठेतरी एक जाड सतरंजी आणि दोन पडदेही बसवा. फरशीवर सतरंजी अंथरली की जो फरक पडतो, तो महागड्या यंत्रानेही पडत नाही. बहुतेक अ‍ॅम्पवर ‘रिव्हर्ब’ नावाचे बटण असते. आपल्या फरशीच्या खोलीत ते शून्यावर ठेवा. खोली ते काम आधीच करते आहे.

गच्चीवर वाजवणार असाल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचून ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारी तक्रार करतात ती बहुधा खर्जाची, कारण खर्ज भिंती ओलांडतो. एकट्या गिटारला १०० हर्ट्झच्या खालचे फारसे लागत नाही. अ‍ॅम्पवर ‘लो कट’ असेल तर तो दाबा. फीडबॅकही त्यानेच बराचसा आटोक्यात येतो. उरलेला घुमारा ‘फेज’ नावाच्या कळीने अनेकदा निघून जातो. ती दाबून पाहायला एक सेकंद लागतो.

चाचणी रिकाम्या खोलीत घेतली असेल तर श्रोते आल्यावर आवाज थोडा बसलेला जाणवेल, कारण माणसांचे कपडे आवाज शोषतात. पहिल्या रचनेनंतर मित्राने शेवटच्या रांगेतून हाताने खूण करावी, वर किंवा खाली. बटण बोटभरच फिरवा.

मुंबई-गोव्यातील जुन्या वाद्यवृंदांची, क्लबांची किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनांची अशी छायाचित्रे कोणाच्या घरी असतील, ज्यांत गिटारवादकासमोरचा माइक स्पष्ट दिसतो, तर ती या धाग्याखाली जरूर लावा. शक्यतो साल आणि जागेसह. माइकच्या आकारावरून काळ ओळखण्याचा पुढचा धागा मला त्यांवरच लिहायचा आहे.